गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे सोशल मीडियाच का?

हो, तोही सोशल मीडियाच. मजकूर वापरणारेच आपापल्या खात्यावरून टाकतात आणि बाकीच्यांना त्यावर उत्तर देता येतं, तो पुढं धाडता येतो, अशी कोणतीही ऑनलाइन सेवा यात मोडते. लातूरच्या बाजारातले सोयाबीनचे भाव एखाद्या वेबसाइटवर नुसते वाचता येत असतील, तर ती वेबसाइट सोशल मीडिया नव्हे. तेच भाव कुणी ग्रुपवर टाकले अन् खाली 'औशात काय चाललाय?' असं कुणी विचारलं, की झाला सोशल मीडिया.

भारताच्या 2021 च्या आयटी नियमांतली व्याख्याही साधारण अशीच आहे. भारतात 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीला तक्रारींसाठी भारतात राहणारा अधिकारी नेमावा लागतो.

फेसबुक, यूट्यूबवर समोर काय यावं हे बहुतांशी अल्गोरिदम, म्हणजे कंपनीच्या संगणकाचे ठरलेले नियम, ठरवतो. ग्रुपवर मात्र आलं तसं दिसतं, आणि गडबड तिथंच होते: जायकवाडीचे दरवाजे उघडल्याचा जुना व्हिडिओ पुढं पुढं जाताना मूळ तारीख अन् पाठवणारा दोन्ही गळून पडतात. संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो मूळ माणसापासून किमान पाच हात फिरून आलाय असं समजा. असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून टाकला की बाणाची खूण राहत नाही, त्यामुळं बाण नाही म्हणजे बातमी ताजी, असं धरू नका.