उन्हाळा सरता सरता: बागेतले तुमचे प्रश्न

यावेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्यातले आहेत. झाडं दमलेली असतात, किडींना जोर आलेला असतो आणि आपला हात सारखा खताच्या पिशवीकडे नाहीतर स्प्रेच्या बाटलीकडे जातो. थोडं थांबून वाचा प्लीज, यातल्या बऱ्याच गोष्टींत औषध लागतच नाही.

प्रश्न: ताई, टोमॅटोचं झाड कमरेएवढं झालंय, फुलं पण भरपूर येतायत पण सगळी देठापासून गळतात. एकही फळ धरत नाहीये. खत कमी पडतंय का, कुठलं टाकू?

खत नका टाकू. नायट्रोजनवालं खत दिलंत तर नुसती पानं वाढतील आणि तेवढ्या पानांना पाणी पुरवायचं काम परत त्याच मुळांवर येईल. इथे प्रश्न तापमानाचा आहे. दिवसा साधारण ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या वर पारा राहिला की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, झाले तरी फलन होत नाही आणि मग झाड ते फूल सोडून देतं. दुपारचं ऊन सगळ्यांना दिसतं, पण रात्रीचा उकाडा कुणी मोजत नाही, आणि बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. दुपारी सावलीची जाळी लावा, पाणी नियमित ठेवा आणि सकाळी फुलांच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारा, कारण टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्याला फक्त थोडा हादरा लागतो. झाड उपटू मात्र नका हं, रात्री थंड झाल्या की हेच झाड परत धरतं.

ज्यांची फळं पिवळट-केशरी होऊन अडकलीयत त्यांच्यासाठी पण इथेच सांगते. साधारण ३० अंशांच्या वर टोमॅटोतला लाल रंग, म्हणजे लायकोपीन, नीट बनत नाही. फळावर रंगाची पहिली छटा दिसली की तोडा आणि घरात सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये नको आणि खिडकीतल्या उन्हात पण नको.

प्रश्न: टोमॅटो बुडाशी काळे पडून चामड्यासारखे होतायत. बुरशीनाशक दोनदा मारून झालं, फरक नाही.

फरक पडणारच नाही, कारण ही बुरशी नाहीच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि उन्हात पानं इतकं पाणी ओढतात की फळाच्या वाट्याला कमी येतं, त्यात कुंडी एक दिवस कोरडी ठक्क आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की हमखास. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, त्यामुळे अंड्याची टरफलं टाकून लगेच काही होत नाही, ती कुजायलाच कितीतरी महिने लागतात. पाणी एकसारखं द्या, मातीवर वाळक्या पानांचा जाड थर घाला, डागाळलेली फळं काढून टाका. पुढची फळं चांगली येतील.

प्रश्न: दुपारी सगळी झाडं मान टाकतात म्हणून मी दिवसातून तीनदा पाणी घालते, तरी खालची पानं पिवळी पडतायत. आणि दुपारी पानांवर पाणी पडलं की थेंबांनी पानं भाजतात हे खरं का?

दुपारी मान टाकणं म्हणजे दरवेळी तहान नसते. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त झाला की ओल्या मातीत उभं असलेलं झाडसुद्धा लोंबतं आणि ऊन उतरलं की आपोआप सावरतं. म्हणून संध्याकाळी बघा, नाहीतर सरळ सकाळी बघा. सकाळी पण लोंबलेलं असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर मात्र थांबा, मुळं गुदमरतायत, कारण मुळांना हवा पण लागते, आणि तुमची खालची पानं बहुतेक हेच सांगतायत.

एकदाच द्या पण पहाटे द्या, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पार वाळलं असेल तर पाणी कडेकडेने वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो, अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात आतून फार तापतात, त्या मोठ्या कुंडीत ठेवा किंवा एकमेकींना चिकटवून ठेवा.

थेंबांचं म्हणाल तर २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी याचा नीट अभ्यास केला होता. गुळगुळीत पानांवर पाण्याच्या थेंबांनी भाजत नाही असं निघालं, केसाळ पानांवर थेंब पानापासून उचललेला राहतो तिथे थोडी शक्यता असते. तेव्हा झाड खरंच सुकत असेल तर भर दुपारीसुद्धा पाणी द्या, घाबरू नका.

प्रश्न: वांग्याच्या आणि गुलाबाच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके, मागे जाळी. कीटकनाशक मारलं तर उलट वाढलं!

लाल कोळी आहे. आठ पायांचा जीव, कीटक नाही, म्हणून साध्या कीटकनाशकाने तो फारसा मरत नाही पण त्याला खाणारे मित्रजीव मरतात, आणि मग त्याला मोकळं रान. कोरड्या उकाड्यात अंड्यापासून मोठं व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका, ठिपके चालायला लागले की खात्री झाली. पाइपचं पाणी जोरात पानांच्या मागच्या बाजूने मारा, दिवसाआड, दोन आठवडे, सकाळच्या वेळी. फार खराब झालेली पानं काढा. निंबोळी तेल वापरायचं असेल तर ऊन गेल्यावरच, तापलेल्या पानावर ते पडलं की पान करपतं. झाड तहानलेलं असताना तर नकोच.

प्रश्न: लिंबाच्या रोपावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी होतं, आता जाड हिरव्या अळ्या झाल्यात, हात लावला की डोक्यातून केशरी शिंगं काढतात आणि उग्र वास येतो. मारू का?

नका मारू, मनापासून सांगते! ही लिंबू फुलपाखराची अळी आहे, लहानपणी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी तिला सोडतात आणि ती शिंगं-वास पण फक्त घाबरवायला, चावत-डसत नाही. रोप मोठं असेल तर पानं परत फुटतील, काही नुकसान नाही. रोप अगदी वीतभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. दोन-तीन आठवड्यांत कोश करतील, तेवढे दिवस त्या कोपऱ्यात काही फवारू नका.

प्रश्न: कोथिंबीर चार पानं आली की लगेच फुलावर जाते.

उष्णता आणि मोठे दिवस, दोन्ही तिला फुलायला ढकलतात. तुरे खुडून थांबत नाही ती. फुलू द्या, मधमाश्या येतील, धणे वाळले की ठेवा आणि थंडावा आल्यावर पेरा.

प्रश्न: वेलाची काकडी कडू निघतेय. आणि मागच्या वर्षीच्या बियांतून आपोआप उगवलेल्या दुधीचं पण तसंच झालंय. खाल्लं तर चालेल का?

काकडी किंचित कडू असेल तर देठाकडचा भाग आणि साल काढून चाखा, पाण्याच्या ताणाने असं होतं. पण दुधीचा तुकडा कडू लागला तर लगेच थुंका आणि अख्खं फळ फेकून द्या. त्यातलं क्युकरबिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य शिजवून जात नाही, रस काढून प्यायल्याने तर लोकांना उलट्या-जुलाब होऊन रक्तदाब खाली जाण्यापर्यंत वेळ आलीय. आपोआप उगवलेल्या वेलात संकर झालेला असू शकतो, तेव्हा असा कडू निघालेला वेल सरळ काढा आणि त्याचं बी ठेवू नका. कुणी आधीच खाल्लं असेल आणि त्रास व्हायला लागला असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या आणि काय खाल्लं ते सांगा.