खाऱ्या पाण्याची टाकी: दगडातून आलेले जीव

प्रश्न: नवा लाइव्ह रॉक (समुद्रातला, जीव वसलेला प्रवाळाचा दगड) टाकल्यापासून रात्री टाकीतून टकटक आवाज येतो. दोन गोगलगायी गेल्या. कोण असेल? (न्यू जर्सी)

उत्तर: असा आवाज करणारे दोघे असू शकतात. पिस्तूल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती वाळू उकरते, पण माशांना सहसा त्रास देत नाही, तेव्हा तिला राहू द्या. दुसरा मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी. त्याचे डोळे देठांवर असतात आणि वेगवेगळे फिरतात. बिळाच्या तोंडाशी शंखांचे फुटके तुकडे पडले असतील, तर संशय त्याच्यावर घ्या. खात्रीसाठी दिवे मालवून तासाभराने लाल टॉर्चने पाहा. पांढऱ्या प्रकाशात तो लगेच आत शिरतो.

बीळ सापडलं की तो दगड बाहेर काढा, पण उचलताना खाली जाळी धरा. पाणी निथळू लागताच प्राणी उडी टाकून दुसऱ्या दगडात शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग दगड बादलीवर धरून सिरिंजने बिळात साधं सोडा वॉटर, म्हणजे साखर आणि चव नसलेलं, मारा. प्राणी बाहेर येईल. हे टाकीच्या आत कधीच करू नका, पीएच (पाण्याची आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा) घसरतो. नंतर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दगड धुऊन परत ठेवा. प्राण्याला उघड्या हाताने धरू नका, बोट फुटेल. लांब चिमटा वापरा. आणि कृपा करून मारू नका: वेगळ्या लहान टाकीत हा देखणा प्राणी उत्तम जगतो.

प्रश्न: तपकिरी, लांब हातांचे छोटे ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारे, फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) खरवडून काढले, तर महिन्यात दुप्पट झाले! (पुणे)

उत्तर: हा एप्टेसिया. खरवडताना तळाचा जो तुकडा दगडाला चिकटून राहतो, त्यातून नवा ॲनिमोन वाढतो. म्हणून ब्लेड बाजूला ठेवा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, म्हणजे चुनाच, पण पानाच्या डब्यातला नको. थेंब थेंब आरओ पाणी घालून दाट, टूथपेस्टसारखा कालवा. हातमोजे आणि चष्मा घाला, हा चुना कातडी भाजतो. पंप बंद करा. थोडं खाद्य देऊन ॲनिमोन पूर्ण उघडू द्या, चुन्याची सिरिंज हळूच जवळ न्या आणि चुना तोंडावर सोडून त्याला पूर्ण झाका. घाईने गेलात तर तो आत ओढला जाईल आणि वाचेल. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करा. एका वेळी चार-पाचच घ्या, नाहीतर पीएच वर जाईल. पेपरमिंट कोळंबी लहान एप्टेसिया खाते. मात्र तिला भरपूर खाद्य मिळत असेल तर ती तिकडे फिरकत नाही. विकत घेताना नीट पाहा: तशीच दिसणारी कॅमलबॅक कोळंबी प्रवाळांचे पॉलिप (प्रवाळातले छोटे जिवंत प्राणी) कुरतडते.

प्रश्न: वाळूत केसाळ किडे दिसतात. (नाशिक)

उत्तर: ब्रिसल वर्म. उरलेलं खाद्य फस्त करतात, उपयोगीच आहेत. फार वाढले, तर खाद्य कमी करा. केस बोटात रुतले, तर चिकटपट्टीने काढा.

प्रश्न: मालवणहून दगड आणले तर चालतील? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. असे दगड बहुधा प्रवाळांचेच असतात, आणि भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. कोरडा सिरॅमिक रॉक घ्या. त्यात आगंतुक जीवही येत नाहीत.