'ट्रेड युनियन'मधला ट्रेड कोणता?

प्रश्न असा आहे: 'ट्रेड म्हणजे व्यापार. मग कामगारांच्या संघटनेला ट्रेड युनियन का म्हणतात?'

शंका रास्त आहे. पण कोश उघडण्याआधी आयटीआयमधल्या एखाद्या पोराला 'तुझा ट्रेड कोणता?' असं विचारून पाहा. तो फिटर, टर्नर, वेल्डर असं काहीतरी सांगेल. युनियनमधला ट्रेड तो हाच, ज्या कसबावर पोट चालतं ते कसब. शब्दाचा मूळ अर्थ वाट, माग. नेहमीची वाट म्हणून नेहमीचं काम, आणि खरेदी-विक्री त्याच्याही नंतरची. आपल्या 'धंद्या'तही सुतारकाम आणि दुकानदारी दोन्ही बसतातच की.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या संघटनांत हा अर्थ लख्ख दिसतो. फिलाडेल्फियात १७९४ साली जो संघ निघाला तो सरसकट कामगारांचा नव्हता, फक्त जोडे शिवणाऱ्यांचा होता. सुतारांचं वेगळं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांचं वेगळं. जोडेवाल्यांनी मजुरीचा दर वाढवून मागितला तेव्हा १८०६ साली कोर्टानं तो कट ठरवला आणि आठ जणांना प्रत्येकी ८ डॉलर दंड केला. केवळ एकत्र येणं हा गुन्हा नव्हे, असं मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानं म्हटलं ते १८४२ मध्ये. गंमत म्हणजे तो खटलाही बोस्टनच्या बूट करणाऱ्यांचाच.

या जोडेवाल्यांच्या संघाच्या नावात 'जर्नीमन' असा शब्द आहे. त्याचं 'फिरस्ता कारागीर' असं भाषांतर मी वाचलंय आणि दर वेळी कपाळाला हात लावलाय. इथली 'जर्नी' प्रवासाची नाही, ती फ्रेंचमधल्या 'दिवस, दिवसाचं काम' या अर्थाच्या शब्दावरून आली आहे. म्हणजे आपला 'रोज'! शिकाऊ उमेदवारी संपलेली, पण स्वतःचं दुकान नाही, मालकाकडे मजुरीवर काम करणारा पक्का कारागीर. नुसतं 'रोजंदार' म्हटलं तर मात्र बिनकसबी मजूर डोळ्यांपुढे येतो, म्हणून 'रोजावरचा कारागीर' बरं.

पुढे १८८६ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झालं. त्याचे पहिले अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स हे सिगार वळणारे. नावात 'लेबर' असलं तरी रचना एकेका कसबाच्या संघांचीच, आणि हद्दीवरून भांडणं ठरलेली. इमारतींत लाकडाऐवजी पत्र्याच्या चौकटी आल्या, तेव्हा त्या सुतारांनी बसवायच्या की पत्राकामवाल्यांनी, यावरून दोन संघ वर्षानुवर्षं झगडले. एका कारखान्यातले सगळे कामगार एकाच संघात, या विचारानं १९३५ मध्ये त्याच फेडरेशनमध्ये वेगळा गट उभा राहिला.

म्हणून त्या जुन्या संघांबद्दल लिहिताना 'कामगार संघटना' हा शब्द मी टाळतो आणि 'कसबी कारागिरांचा संघ' असं लिहितो. आजच्या संदर्भात 'कामगार संघटना' ठीकच आहे, आणि बोलताना तर आपण सगळे नुसतं 'युनियन'च म्हणतो.