दहा वर्षं आखाड्यात घालवल्यावर कॅनडात प्रो रेसलर होता येईल का?

तुझा प्रश्न असा आहे: "मी २२ वर्षांचा, नागपूरचा. दहा वर्षं आखाड्यात कुस्ती केली. कॅनडात डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. शिकता शिकता तिथं प्रो रेसलिंगमध्ये उतरता येईल का? परक्या देशात जमेल का? उजवा खांदा एकदा निखळला होता, त्यानं अडेल का?"

भाऊ, वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका आखाड्यात वाढलो. २०१४ च्या सप्टेंबरात कॅनडातल्या कॅलगरी शहरात शिकायला गेलो, तिथल्या एका रेसलिंग शाळेत शिरलो आणि छोट्या हॉलमधल्या शोंमध्ये जवळजवळ पाच वर्षं लढलो. २०२० मध्ये महामारीनं सगळे शो बंद पडले तेव्हा नागपूरला परत आलो. टीव्हीवर मी कधी दिसलो नाही. मी सांगतो ते खालच्या पायऱ्यांवरचं आहे, आणि तुलाही सुरुवात तिथूनच करावी लागणार.

उतरता येईल. पण तुझ्या दहा वर्षांच्या कुस्तीतली निम्मी तिथं कामी येईल आणि निम्मी आडवी येईल. कोणती निम्मी कुठली, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझं पहिलं वर्ष वाचलं असतं.

कामी येणारं आधी सांगतो. दम, मान आणि मांड्या. जोर-बैठकांनी आणि मातीतल्या लढतींनी कमावलेली मान तिथल्या जिमवाल्या पोरांकडे नसते. माझ्या शाळेत दंड माझ्यापेक्षा मोठे असलेले चार-पाच जण होते, पण दहाव्या मिनिटाला त्यांना धाप लागायची.

आता आडवं येणारं. आपल्याकडे पाठ म्हणजे इभ्रत. पाठ लागली की कुस्ती गेली. समोरच्यानं ढाक डाव मारला तरी हवेतच अंग फिरवून पोटावर यायचं, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं असतं. चिटणीस पार्कात दंगल बघताना तूही पाहिलं असशील, चितपट झालेला गडी पाठीची माती झटकतो तेव्हा कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. आणि कॅलगरीच्या शाळेत पहिल्या दिवशी मला पाठीवर पडायलाच शिकवलं. त्याला बम्प म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात अंगापासून थोडे लांब, दोन्ही तळवे आणि पाठीचा वरचा सपाट भाग एकाच क्षणी टेकला पाहिजे. एका संध्याकाळी पन्नास-पन्नास वेळा.

माझं अंग ऐकेचना. शेवटच्या क्षणी कंबर आपोआप वळायची आणि मी खांद्यावर नाहीतर कोपरावर आदळायचो. शिकवणारा म्हणायचा, तू पाठ वाचवतोस म्हणून तुला लागतंय. हे डोक्याला एका मिनिटात कळलं, अंगाला कळायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत रोज रात्री अंगाला तेल चोळताना वाटायचं, आपण इथं येऊन उस्तादांचं सगळं शिकवणं पुसून टाकतोय.

ही कुस्ती खोटी असते ना, असं इथं सगळे विचारतात. निकाल ठरलेला असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण रिंग खरी असते. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. बऱ्याच रिंगांचे दोर म्हणजे रबरी नळीत घातलेली लोखंडी तार. दोरांवर आदळून परत धावायचं शिकताना माझ्या बरगड्यांवर आडवे निळे पट्टे उठले होते, ते महिनाभर गेले नाहीत.

दुसरी अडचण हातांची. आपली पकड घट्ट, सुटली तर डाव सुटला. तिथं पकड बघणाऱ्याला घट्ट दिसली पाहिजे आणि समोरच्याला हलकी लागली पाहिजे. मी पहिल्या आठवड्यात एकाची मान आखाड्यातल्यासारखी धरली, तर तो नंतर महिनाभर माझ्याशी सराव करायला तयार होईना. शिवाय कॅनडा-अमेरिकेत जवळपास सगळ्या पकडी डाव्या बाजूनं घेतात, मेक्सिकोत उजव्या बाजूनं. हा संकेत पाळला जातो म्हणूनच त्याच संध्याकाळी ओळख झालेले दोन पैलवान एकमेकांना इजा न करता पंधरा मिनिटं लढू शकतात. उजव्या हाताच्या माणसाला सगळं उलटं करून शिकावं लागतं. आत्तापासून डाव्या हातानं मानेचा विळखा घालायची सवय कर.

जमीन बदलली की चांगला पैलवानही नवशिका होतो, ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीत घडलेले होते. मॅट नवं, नियम नवे. सहावे आले. हेलसिंकीचं कांस्य त्यानंतर चार वर्षांनी, १९५२ ला. आपण पदकाचा फोटो लावतो. मी कॅलगरीत असताना मला त्या फोटोपेक्षा मधली चार वर्षं जास्त आठवायची.

डब्ल्यूडब्ल्यूईचं, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या त्या मोठ्या अमेरिकन रेसलिंग कंपनीचं स्वप्न तुझ्या मनात असणारच, म्हणून दोन माणसांचा हिशोब नीट बघ. खली, म्हणजे दलीपसिंग राणा, हिमाचलच्या खेड्यातून पंजाब पोलिसांत आणि तिथून २००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रेसलिंग शाळेत गेला. मग जपानमध्ये लढला. डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यावर आला तो २००६ ला आणि जुलै २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. सात फुटांच्या माणसालाही सहा वर्षं थांबावं लागलं. रिंकू सिंग उत्तर प्रदेशातल्या गोपीगंजचा भालाफेकपटू. २००८ मध्ये वेगानं चेंडू फेकायची स्पर्धा जिंकून अमेरिकेत गेला, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाशी करार झाला, इंग्रजी तिथं जाऊन शिकला, कोपराचं ऑपरेशन सोसलं. बेसबॉल सुटल्यावर २०१८ ला डब्ल्यूडब्ल्यूईनं घेतलं. वीर महान या नावानं रिंगमध्ये उतरायला आणखी चार वर्षं गेली. खर्च झेपत नसेल तर खलीची शाळा २०१५ पासून जालंधरला आहे. डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेली पहिली भारतीय बाई, हरियाणाची कविता देवी, तिथंच शिकली. कॅनडाला जायच्या आधी तिथं काही महिने काढलेस तर पाठीवर पडायला परक्या भाषेत शिकावं लागणार नाही.

आता देशाचं बोलतो.

मी आखाड्याची माती पुडीत बांधून नेली होती. हळद, तेल, ताक, लिंबू मुरलेली, वासानंच घर आठवावं अशी. कॅनडात परवान्याशिवाय बाहेरची माती नेता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. विमानतळावर फॉर्ममध्ये खरं लिहिलं, बाईंनी पुडी घेतली आणि समजावून सांगितलं की मातीतून पिकांचे रोग येतात. त्यांचं बरोबरच होतं. तरी पुढच्या रांगेत उभं राहून मी रडलो.

थंडीबद्दल सगळेच सांगतील. मेमध्ये ४५ अंश सोसलेल्या माणसाला उणे ३० म्हणजे काय ते शब्दांत सांगून कळत नाही, चांगला कोट घे आणि पुढं चल. मला जास्त जड गेली ती खोलीतली शांतता. आखाड्यात पहाटेपासून कोणीतरी ओरडत असतं, कोणीतरी "काऊन बे, झोपला काय?" म्हणून पाठीत धपका घालतं. तिथं आठ-आठ दिवस मला कोणी हात लावत नसे, फक्त सरावात. मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो तेव्हा एका काकूंनी विचारलं, "कॉलेजशिवाय काय करतोस?" मी गोदामातली नोकरी सांगितली, रेसलिंग लपवलं. ते लपवणं मला पुढं फार महाग पडलं, कारण मदत मागायला कोणी उरलं नाही. २०१८ च्या हिवाळ्यात एका शोमध्ये डोकं मागं आपटलं. दोन दिवस उजेड सहन होत नव्हता आणि तरी मी गोदामात खोकी उचलत होतो. शेवटी शेजारच्या सरदारजींनी ओढून डॉक्टरकडे नेलं. तू गेल्या गेल्या दोन माणसांना तरी खरं सांग की तू काय करतोस आणि तुझा शो कोणत्या दिवशी आहे.

रेसलिंगवाल्यांच्या चालीरीती वेगळ्या, पण ओळखीच्या वाटतील. कपडे बदलायच्या खोलीत शिरलास की प्रत्येकाशी हात मिळवायचा, एकालाही सोडायचं नाही. मी पहिल्या दिवशी सवयीनं एका जुन्या पैलवानाच्या पाया पडलो, तो बिचारा दचकून मागं सरला. रिंग ट्रकमधून उतरवणं, जोडणं, रात्री परत सोडणं हे नव्या पोरांचं काम. बाकीची पोरं कुरकुरायची. मी दहा वर्षं फावड्यानं माती खणली होती, मला तेवढा एकच तास घरी असल्यासारखा वाटायचा. माझ्याबद्दल पहिला चांगला शब्द तिथं निघाला तो रिंगचे लोखंडी पाय वाहण्यामुळे.

पहिल्या मॅचचे मला २५ डॉलर मिळाले. एडमंटन ३०० किलोमीटर, चौघांनी एका गाडीत जाऊन पेट्रोल वाटून घेतलं की हातात फार काही राहत नसे. पोट भरलं ते गोदामानं. माझ्या वेळी विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर आठवड्याला २० तास काम करता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते २४ तास झालंय. पैसे घेऊन लढलास की तेही काम, ते तास यात धर. आणि कोणी म्हणालं, चल, सीमेपलीकडे अमेरिकेत शो आहे, बूट बॅगेत टाक, तर जाऊ नकोस. तिथं पैसे घेऊन लढायला पी-१ किंवा ओ-१ सारखा, खेळाडू-कलाकारांना मिळणारा व्हिसा लागतो. बॅगेतल्या बुटांवरून माणसं सीमेवर पकडली जातात, आणि मग परत शिरणं अवघड होऊन बसतं.

एक गोष्ट तुला कोणी आधी सांगणार नाही. तुझ्या रंगावरून तुझी भूमिका ठरवली जाईल. कॅलगरी ही स्टू हार्टच्या स्टॅम्पीड रेसलिंग या जुन्या रेसलिंग कंपनीची नगरी. तिथं पंजाबहून आलेले गामा सिंग खलनायक म्हणून शिव्या खाऊन मोठे झाले. त्यांच्या नात्यातला जिंदर महाल कॅलगरीतच जन्मला, तरी मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला तेव्हा प्रेक्षकांपुढे तो परका माणूसच होता. त्या रात्री आम्ही दहा-बाराजण एका खोलीत बसून बघत होतो. मला अभिमानही वाटला आणि वाईटही.

मला एका आयोजकानं पगडी बांधायला सांगितली. मी म्हणालो, ती शिखांची श्रद्धा आहे, ज्यांच्या लंगरात मी दर रविवारी जेवतो त्यांना तोंड कसं दाखवू? तीन महिने त्यानं मला बोलावलं नाही. पुढं दुसऱ्या एकानं विचारलं, तुझं तू काय करतोस ते दाखव. मी रिंगमध्ये शिरताना वाकून कॅनव्हासला हात लावून कपाळाला लावला, मग शड्डू ठोकला. त्या आवाजानं हॉल गप्प झाला. तिथून पुढं मी नागपूरचाच राहिलो, घोषणा करणारा ते नाव कसंही उच्चारो. नकार द्यायची वेळ तुझ्यावरही येईल. तेव्हा हातात चार महिन्यांचं भाडं शिल्लक असू दे, नाहीतर नकार तोंडातून निघत नाही.

२०१९ ला सुट्टीत घरी आलो. उस्तादांनी कोणाच्या तरी मोबाईलवर माझी मॅच पाहिली होती. आखाड्यात पाऊल टाकताच म्हणाले, "दहा वर्षं तुले पाठ वाचवाले शिकवलं, अन् तू तिकडं पैसे घेऊन पाठ टेकवून रायला?" मला उत्तर सुचेना. मी माती कपाळाला लावली, हौद्यात उतरलो आणि त्यांच्यासमोर उभ्यानं पाठीवर पडलो. पुन्हा उठून पडलो. असं सात-आठ वेळा. पोट्टे सराव थांबवून बघत होते. उस्ताद जवळ आले, माझ्या मानेमागं हात घालून चाचपलं आणि विचारलं, "डोकं नाही लागत काय?" मी म्हणालो, "नाही लागत." मग त्यांनी हनुवटी कशी ठेवायची ते दोनदा करून दाखवायला लावलं.

आता तुझा खांदा. बम्प घेताना दोन्ही हात बाजूला आपटतात, त्याचा झटका थेट सांध्यात जातो. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची भीती असते, आणि कमी वयात पहिल्यांदा निखळला असेल तर जास्तच. जायच्या आधी इथंच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. एमआरआय लागेल का ते विचार, आणि पाठीवर पडायचं काम आहे हे त्यांना स्पष्ट सांग. सहा महिने व्यायाम करायला सांगितले तर सहा महिने कर. विद्यार्थी विम्याचे कागद वाचताना पैसे घेऊन खेळलेल्या खेळातली दुखापत वगळली आहे का ते शोध, बऱ्याच विम्यांत वगळलेली असते. आणि डॉक्टर चालेल म्हणाले तर रोज संध्याकाळी मऊ मातीत, आधी बसून, मग उकिडवं, हनुवटी छातीला लावून मागं पडायचा सराव कर. उभ्यानं अजून नको.