'कोजंट' : पटणारा की सबळ?

लातूरला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याचा प्रश्न : "काका, इंग्रजी निकालपत्रांत सारखं 'कोजंट (cogent) एव्हिडन्स' येतं. मी भाषांतरात 'पटण्याजोगा पुरावा' लिहिलं. मग 'कन्व्हिन्सिंग'ला काय लिहू?"

अडचण 'पटणे' या क्रियापदातच आहे, बाळा. पटणं ऐकणाऱ्याच्या हातात असतं. कोजंटपणा मुद्द्याच्या अंगात असतो. समोरचा हट्टाला पेटून 'नाही पटत' म्हणाला तरी तो कमी होत नाही. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद घे. दोन्ही भावांना चहा पाजून गोड बोलून वळवणारा गावकरी 'पर्स्वेसिव्ह'. बनावट खरेदीखत हुबेहूब वठलं तर तेही 'कन्व्हिन्सिंग' असू शकतं. पण सातबारा, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आणि शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष तिन्ही एकाच खुणेवर येऊन मिळाली, की तो पुरावा 'कोजंट'.

हे 'येऊन मिळणं' शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन 'कोगेरे' म्हणजे एकत्र हाकणे. त्यातल्या 'आगेरे'चा, म्हणजे हाकण्याचा, संस्कृतातला भाऊबंद 'अज्' धातू. अजति म्हणजे हाकतो. दिवस कलताना माळावर पांगलेली गुरं गुराखी वळून एका वाटेला लावतो, तेच हे चित्र. दुसरी वाटच उरत नाही, म्हणून पुढं 'भाग पाडणे' हा अर्थ आला. रक्त गोठण्याला डॉक्टर 'कोॲग्युलेशन' म्हणतात, त्याचं मूळही हेच. पातळ होतं ते एकत्र येऊन घट्ट झालं! शब्दांची अशी सोयरीक सापडली की मला दिवसभर आनंद पुरतो.

वापर सोपा आहे. युक्तिवाद, कारण, पुरावा, मांडणी यांना 'कोजंट' लाव. माणसाला सहसा लावत नाहीत. खिळवून ठेवणाऱ्या कादंबरीला तर नाहीच, तिथं 'कंपेलिंग'.

मराठीत 'बिनतोड' लिहायचा मोह होईल, पण ते जरा जास्त होतं. बिनतोड मुद्द्याला उत्तरच नसतं. कोजंट युक्तिवाद मात्र दोन्ही वकिलांचे असू शकतात, म्हणून तर न्यायाधीशांना तोलून पाहावं लागतं. 'ठोस' चालेल, पण बातम्यांनी तो झिजवलाय. आपल्या कोर्टाच्या भाषेत नेमका शब्द आधीपासून आहे. 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष' हे खेड्यातल्या माणसालाही कळतं. तेव्हा वहीतलं 'पटण्याजोगा' खोड, 'सबळ' लिही, आणि 'कन्व्हिन्सिंग'ला 'पटण्याजोगा' मोकळा ठेव.