काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे आपला जिल्हाधिकारी का?

अमेरिकेत काउंटीचा (साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) कारभार पाहणारा काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारीच का, आणि हे पद तेथे पहिल्यापासून आहे का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. जिल्हाधिकाऱ्याला सरकार नेमते आणि सरकारच त्याची बदली करते. काउंटी एक्झिक्युटिव्हला लोक निवडून देतात. मी सिएटलच्या शेजारी, किंग काउंटीत राहतो, म्हणून तेथलेच उदाहरण देतो.

ही काउंटी १८५२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिचा कारभार तीन निवडून आलेले आयुक्त पाहत होते. नियम करणारे तेच आणि राबवणारेही तेच, त्यामुळे काम अडले तर जाब कोणाला विचारायचा हे ठरत नसे. १९४८ च्या घटनादुरुस्तीने वॉशिंग्टन राज्यातील काउंट्यांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, करण्याची मुभा मिळाली. किंग काउंटीच्या मतदारांनी १९५२ मध्ये एक सनद फेटाळली, १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरी स्वीकारली आणि १ मे १९६९ पासून ती अमलात आली. नियम करायला परिषद, कारभाराला एक्झिक्युटिव्ह अशी विभागणी त्या सनदेने केली. राज्याचे माजी गव्हर्नर (तेथे हे निवडून आलेले राज्यप्रमुख असतात) अल्बर्ट रोसेलिनी यांना हरवून जॉन स्पेलमन पहिले एक्झिक्युटिव्ह झाले आणि पुढे ते स्वतः गव्हर्नर झाले; नंतरच्या काळात गॅरी लॉक यांनीही हाच मार्ग धरला. अंदाजपत्रक मांडणे, खातेप्रमुख नेमणे आणि परिषदेचा ठराव नाकारणे हे या पदाचे मुख्य अधिकार आहेत.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मी या पदासाठी प्रथमच मतदान केले. आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. ती जेवणाच्या टेबलावर होती आणि समोर भारतातून आलेले माझे मामा बसले होते. मामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले. त्यांनी मतपत्रिका वाचली आणि म्हणाले, “म्हणजे कलेक्टरलाच मत द्यायचे? अरे, निवडून आलेल्या माणसाला फाईल कळेपर्यंत त्याची मुदत संपते. कारभार हा परीक्षा देऊन आलेल्याकडेच हवा.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, कारण माझे वडील त्याच जिल्हा परिषदेचे सदस्य होते. आमच्या गावच्या ओढ्यावर साकव व्हावा म्हणून अण्णांनी प्रस्ताव मांडला, सर्वसाधारण सभेने तो मंजूर केला, अध्यक्षही अनुकूल होते. प्रशासकीय मान्यतेसाठी फाईल गेली ती आठ महिन्यांनी त्रुटी काढून परत आली. त्रुटींची पूर्तता होईपर्यंत अधिकाऱ्याची बदली झाली आणि नव्या अधिकाऱ्याने नव्या त्रुटी काढल्या. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीतील मुलांची शाळा बुडत असे आणि त्यांचे आईबाप आमच्या ओसरीवर येऊन अण्णांना विचारत. पुढची निवडणूक अण्णा हरले. ती फाईल मामांच्या टेबलावरून गेली होती आणि त्रुटी रास्त होत्या असे ते आजही म्हणतात. अण्णा म्हणत, “सही एकाची आणि शिव्या दुसऱ्याला, हा कारभार नव्हे.” या एका वाक्यावरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. अण्णा आता नाहीत.

माझ्या मते अण्णांचेच बरोबर होते. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा अध्यक्ष निवडून आलेला असला तरी अंमलबजावणीचे अधिकार सरकारने नेमलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे ठेवले गेले. अध्यक्षाला देखरेखीचा अधिकार आहे, पण देखरेख करणाऱ्याच्या हातून साकव बांधला जात नाही. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर अनेक जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या आणि तो प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच होता. निवडून आलेले एकही माणूस कार्यालयात नसताना दैनंदिन काम चालू राहू शकले, यातच खरी सत्ता कोठे होती ते दिसते. किंग काउंटीत २०२५ च्या वसंतात डाऊ कॉन्स्टंटाइन यांनी मुदत संपण्याआधी पद सोडले, तेव्हा शॅनन ब्रॅडॉक यांनी तात्पुरता कारभार पाहिला, पण नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर उमेदवार उभे राहिले आणि गिरमे झहिलाय निवडून आले.

मामांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. प्रत्येक पद निवडून दिले म्हणजे कारभार सुधारतो असे किंग काउंटीच्या मतदारांनाही वाटत नाही. तेथील शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, १९६९ च्या सनदेने नेमणुकीचा झाला, १९९६ मध्ये मतदारांनी ते पद पुन्हा निवडणुकीचे केले आणि २०२० मध्ये पुन्हा नेमणुकीचे केले. शिवाय वॉशिंग्टनच्या ३९ काउंट्यांपैकी बहुतेकांत आजही आयुक्तांचाच कारभार आहे, म्हणून माझे उदाहरण सगळ्या अमेरिकेला लावू नये. काउंटी मालमत्ता कर स्वतः बसवते, तर जिल्हा परिषदेचा बराचसा पैसा राज्याकडून येतो, हा फरकही लहान नाही. पैसा दुसऱ्याचा असेल तेथे सहीही दुसऱ्याची राहणार, असे मामा म्हणतात आणि ते मला खोडून काढता आलेले नाही.

तरीही आपण तुलना करणार असाल तर जिल्हाधिकाऱ्याशी करू नका, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाशी करा, आणि मग अंदाजपत्रक कोण मांडतो, खातेप्रमुख कोण नेमतो एवढेच दोन्हीकडे तपासा. मामांनाही मी त्या संध्याकाळी हेच विचारले. त्यांनी बराच वेळ मतपत्रिका हातात धरली आणि मग विचारले, “या माणसाने साकव बांधला नाही, तर लोक पुन्हा याच्याच दारात जातील ना?” मी हो म्हणालो. त्यांनी मतपत्रिका माझ्याकडे सरकवली.