‘मशरू’ आणि ‘श्मश्रू’

परभणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: जुन्या शेरवानीच्या कापडाला आजोबा ‘मश्रू’ म्हणत. कापड पुरुषांचे, म्हणून हा शब्द ‘श्मश्रू’, म्हणजे दाढीमिशी, यावरून आला असेल का?

नाही. श्मश्रू संस्कृत, मशरू अरबी. उच्चार जवळ आले एवढेच. घोळ टाळायचा तर ‘मशरू’ लिहिलेले बरे. आणि हे फक्त पुरुषांचे कापड होते असेही नाही. कच्छमध्ये बायकांचे घागरे-चोळ्या याच्याच असत. पण पुरुषांशी त्याचे नाते जोडावेसे वाटले, त्यात तथ्य आहे.

अरबीत ‘मशरूअ’ म्हणजे धर्माने मान्य केलेले. ‘शरियत’ याच धातूतला, आणि आपण दिवसभर वापरतो तो ‘सुरू’ही (मूळ ‘शुरूअ’) त्याच घरातला! इस्लामी परंपरेत शुद्ध रेशीम बायकांना चालते, पुरुषांना वर्ज्य. पण दरबारात ऐटीत मिरवायची हौस पुरुषांना काही कमी नव्हती. वाट काढली ती विणकराने: ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा. आडवा सुती धागा चार-सात रेशमी धाग्यांखालून जातो आणि एकाच धाग्यावरून वर येतो. त्यामुळे वरच्या अंगाला सगळे रेशीमच दिसते, अंगाला लागते ते सूत. जुना तुकडा हाती आला तर उलटून पाहा. वरून झुळझुळीत, आतून मऊ आणि निस्तेज. नियम पाळला गेला आणि थाटही राहिला. पुरुषांच्या नटण्याचा इतका नेमका पुरावा दुसऱ्या कुठल्या कापडाच्या नावात मला सापडलेला नाही.

लंडनमध्ये 1800 च्या सुमारास ब्यू ब्रमेल या पोशाखासाठी गाजलेल्या छानछोक्याने उलट वाट धरली. रेशीम, झालरी बाजूला सारून गडद लोकरी कोट आणि गळ्याला खळ दिलेले शुभ्र कापड. सगळी ऐट शिवणीत आणि स्वच्छतेत. युरोपातल्या पुरुषांनी त्या काळात रंग सोडले. दख्खनच्या अमीर-उमरावांनी सोडले नाहीत. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या हिंदू-मुसलमान दोन्ही अंमलदारांच्या अंगावर शेरवानी असे. सहावे निजाम महबूब अली खान (मृत्यू 1911) तर कपड्यांच्या शौकासाठीच प्रसिद्ध. हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्यांच्या कपाटांची लांबच लांब ओळ आजही दाखवतात.

आता हिमरू. औरंगाबादचे हिमरू आणि मशरू एकच समजतात, पण हिमरू वेगळे. त्यात ताणा सुती आणि नक्षीचा बाणा रेशमी. वेलबुट्टी विणतानाच उठते. नावाची व्युत्पत्ती सहसा फारसी ‘हम-रू’, सारख्या चेहऱ्याचे, अशी देतात, कारण ते जरीच्या महागड्या किनखापासारखे दिसते. मला ती पटण्यासारखी वाटते. उमरावांच्या शेरवान्या हिमरूच्याही असत. तेव्हा आजोबांचे कापड नक्षीदार असेल तर ते बहुधा हिमरू, आणि साधे किंवा पट्ट्यांचे, सॅटिनसारखे चकाकणारे असेल तर मशरू.

गांधीजींनंतर त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचे संपादन करणारे किशोरलाल मशरूवाला यांचे आडनावही याच कापडाच्या व्यापाराचे.